नवी किडनी, एक धमनी, एक शीर

किडनी प्रत्यारोपणाचं ऑपरेशन आटोपलं की बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: लघवी सुरू झाली का? प्रश्न अगदी योग्य आहे. पण पहिल्या दिवशी आकडा चांगला आला की बहुतेक जण निर्धास्त होतात आणि पुन्हा विचारत नाहीत. खरं तर पुढचे आठ-दहा दिवस या प्रश्नाचा पिच्छा सोडायचा नसतो. छान सुरू झालेली लघवी तिसऱ्या दिवशी अचानक थांबली, तर किडनीच्या रक्तवाहिनीत काही अडलंय का हे तातडीने बघावं लागतं, आणि त्यासाठी हाताशी वेळ फार थोडा असतो.

रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणं, हे आता घरोघरी माहीत आहे. त्याची औषधं, त्यांचा खर्च, त्यांच्या वेळा यावर ऑपरेशनआधी महिनोन्‌महिने बोलणं होतं. रक्तवाहिन्यांच्या त्रासाबद्दल मात्र संमतीपत्रावरच्या एका ओळीपलीकडे फारसं कुणी बोलत नाही. हे प्रकार क्वचित घडतात, हे खरं. पण घडले तर काही तासांत किडनी हातची जाऊ शकते. रिजेक्शनवर बहुतेक वेळा औषधांनी मात करता येते, इथे तशी सवड मिळत नाही. म्हणून हे आधी समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी नवी किडनी बसवतात कुठे ते पाहू. अनेकांची समजूत असते की जुनी किडनी काढून तिच्या जागी नवी ठेवतात. तसं नसतं. जुन्या किडन्या सहसा पाठीकडे जिथल्या तिथेच राहतात. नवी किडनी ओटीपोटात, बहुतेकदा उजव्या बाजूला, जांघेच्या वरच्या खोलगट भागात ठेवतात. तिथून पायाकडे जाणारी मोठी धमनी आणि पायाकडून परतणारी मोठी शीर जाते. नव्या किडनीची धमनी त्या धमनीला जोडायची, शीर त्या शिरेला जोडायची आणि मूत्रनलिका मूत्राशयात सोडायची. एवढ्या तीन जोडण्यांवर सगळा खेळ उभा असतो. ही जागा सोयीचीही आहे. किडनी कातडीखाली जवळच असल्याने हाताला लागते, सोनोग्राफीत स्पष्ट दिसते आणि बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी बारीक तुकडा, घ्यायलाही सोपी जाते.

आता रक्ताचं गणित. आपलं हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फेकतं आणि त्यातला जवळपास पाचवा हिस्सा एकट्या दोन किडन्यांकडे जातो. म्हणजे चांगली चालणारी एक किडनी मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास रक्त घेते आणि तितकंच परत पाठवते. मुठीएवढ्या अवयवातून दिवसरात्र एवढा प्रवाह जातो, आणि तो जातो काही मिलिमीटर रुंदीच्या, हाताने शिवलेल्या दोन सांध्यांमधून.

हे सांधे शिवायचं तंत्र शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचं आहे. १८९४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर ल्यों शहरात सुरीहल्ला झाला. पोटातली मोठी शीर कापली गेली आणि ते वाचले नाहीत. फाटलेली रक्तवाहिनी भरवशाने शिवणं त्या काळी कुणालाच जमत नव्हतं. त्याच शहरातल्या आलेक्सी कारेल या तरुण डॉक्टरच्या मनाला ती गोष्ट लागली. त्यांनी ल्योंमधल्या एका निष्णात भरतकाम करणाऱ्या बाईंकडून बारीक सुई आणि रेशमी धागा हाताळायला शिकून घेतलं. रक्तवाहिनीच्या कडेला तीन ठिकाणी टाके घ्यायचे, ते ताणून गोल तोंडाचा त्रिकोण करायचा आणि मग एकेक सरळ बाजू शिवत जायची, ही त्यांची युक्ती १९०२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९१२ साली त्यांना नोबेल मिळालं. आज धागे कृत्रिम आहेत आणि सर्जनच्या डोळ्यांवर भिंगं असतात, पण काम तेच: आतलं अस्तर आतल्या अस्तराला नीट भिडलं पाहिजे, कडा आत वळता कामा नये, सांधा आवळला जाऊ नये आणि गळूही नये.

सगळ्यात नाजूक मुद्दा मात्र टाक्यांपलीकडचा आहे. आपल्या स्वतःच्या किडनीला मुख्य धमनी-शिरेशिवाय लहान-लहान आडवाटाही असतात. डाव्या किडनीच्या शिरेला वरून अ‍ॅड्रिनल ग्रंथीची, खालून अंडाशयाची किंवा वृषणाची आणि मागून कमरेतली अशा इतर शिरा येऊन मिळतात. किडनीच्या वेष्टणावरही बारीक वाहिन्यांचं जाळं असतं. त्यामुळे मुख्य शीर हळूहळू बंद झाली तरी रक्त या वाटांनी कसंबसं निघून जातं. दात्याच्या शरीरातून किडनी काढताना या साऱ्या उपशिरा कापून बांधाव्याच लागतात. नव्या शरीरात ती किडनी पोचते तेव्हा तिची अवस्था एकाच साकवावर जगणाऱ्या कोकणातल्या वाडीसारखी असते. साकव शाबूत आहे तोवर सगळं सुरळीत, तो गेला की दुसरी वाट नाही.

त्यात वेळेचा हिशेब. दात्याच्या शरीरातून काढलेली किडनी थंड द्रावणाने धुऊन बर्फात, ४ अंशांच्या आसपास ठेवतात. थंडीत तिच्या पेशींची भूक जवळपास थांबते, म्हणून ती काही तास, प्रसंगी दिवसभरही तग धरते. एका शहरात मिळालेली किडनी ग्रीन कॉरिडॉर करून दुसऱ्या शहरात नेता येते ती त्यामुळेच. पण एकदा ती शरीरात बसली आणि ३७ अंशांवर आली की ही सवलत संपते. आता रक्त पूर्ण थांबलं, तर साधारण तासाभरात भरून न येणारी हानी सुरू होते.

सांधे पूर्ण झाले की सर्जन रक्तवाहिन्यांना लावलेले चिमटे सोडतात. फिकट, राखाडी, गार पडलेली किडनी बघता बघता गुलाबी होते, हाताला टणक लागते, आणि जिवंत दात्याची किडनी असेल तर पुष्कळदा मूत्रनलिकेच्या टोकाशी टेबलावरच लघवीचे थेंब दिसतात. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे आणि सहकाऱ्यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. माणसातलं किडनीचं ते पहिलं यशस्वी प्रत्यारोपण. त्या किडनीला ८२ मिनिटं रक्त मिळालेलं नव्हतं, तरी चिमटे सुटल्यावर ती गुलाबी झाली आणि लघवी करू लागली. हा रंग सर्जन नीट निरखून पाहतात. किडनी चट्ट्याचट्ट्यांनी निळसर दिसली, मऊच राहिली किंवा काळसर होऊन फुगू लागली, तर तिथेच सांधा पुन्हा तपासतात. पोट शिवण्यापूर्वी किडनी आपल्या जागी ठेवून धमनीला पीळ किंवा शिरेला मुरड पडत नाही ना, हेही बघतात. टेबलावर उचलून धरलेली किडनी छान दिसते आणि खाली ठेवली की शीर दुमडते, असं होऊ शकतं.

आता गुठळीबद्दल. धमनीत गुठळी होणं दुर्मीळ आहे. बहुतेक ठिकाणी हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. झाली तर ती सहसा पहिल्या काही दिवसांतच होते. कारणं अनेक: धमनीला पीळ पडणं, तिचं आतलं अस्तर सुटून झडप तयार होणं, दात्याच्या किडनीला एकाऐवजी दोन-तीन धमन्या असणं, लहान मुलांच्या अगदी बारीक वाहिन्या, मधुमेह किंवा तंबाखूमुळे रुग्णाच्या धमनीत साचलेलं कॅल्शियम, आणि बीपी फार खाली जाणं. लक्षण एकच, तेही मुकं: लघवी एकदम बंद. दुखत नाही, कारण दात्याकडून काढलेल्या किडनीचे मज्जातंतू तुटलेले असतात. रुग्ण शांत पडून असतो आणि लघवीची पिशवी रिकामी राहते. म्हणूनच हा प्रकार फसवा आहे. ‘दुखत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा आपला नेहमीचा आडाखा इथे चालत नाही.

शिरेतली गुठळी थोडी जास्त दिसते. वेगवेगळ्या अहवालांत अर्ध्या टक्क्यापासून चार टक्क्यांपर्यंत आकडे आहेत. तीही बहुतेकदा पहिल्या आठवड्यातच होते. इथे रक्त आत येत राहतं, पण बाहेर पडायला जागा नसते. किडनी तुंबते, फुगते, टाक्यांच्या जागी दुखू लागतं, हात लावला की टणक लागते. लघवी लाल होते आणि कमी कमी होत जाते. फार वेळ गेला तर ताणाने किडनी फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणजे किडनीबरोबर रुग्णाचा जीवही धोक्यात येतो. उजव्या किडनीची शीर मुळात आखूड असते, त्यामुळे जोडताना ताण येण्याची किंवा ती दबण्याची शक्यता जास्त. जिवंत दात्याची डावी किडनी घेण्याकडे सर्जनचा कल असतो त्याचं हे मोठं कारण. ‘डॉक्टरांनी डावीच का मागितली’ अशी शंका घेऊन बसलेली कुटुंबं असतात, त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

लघवी कमी झाली म्हणजे गुठळीच, असं मात्र समजू नये. सगळ्यात साधं कारण म्हणजे कॅथेटरमध्ये, म्हणजे लघवीच्या नळीत, अडकलेली रक्ताची गाठ. सिस्टर आधी सिरिंजने पाणी सोडून कॅथेटर मोकळा करतात तो त्यासाठी. शरीरात पाणी कमी पडलेलं असू शकतं, मूत्रनलिकेचा सांधा गळत असू शकतो, रिजेक्शनही असू शकतं. मेंदूमृत दात्याची किडनी बराच काळ बर्फात राहिली असेल, तर तिला जाग यायला काही दिवस, कधी एक-दोन आठवडेही लागतात. तेवढ्या काळात डायलिसिस करावं लागलं तरी ती किडनी पुढे उत्तम चालू शकते. फरक कुठे ओळखायचा? जी कधी सुरूच झाली नाही तिला वेळ देता येतो, पण जी सुरू होऊन अचानक थांबली तिच्यासाठी धावावं लागतं. अर्थात न सुरू झालेल्या किडनीतही रक्त खेळतंय ना, हे आधी तपासून घेतात आणि मगच वाट बघतात.

हे तपासायचं साधन म्हणजे डॉप्लर सोनोग्राफी. मशीन पलंगापाशी आणता येतं, सुई नाही, किरण नाहीत, किडनीला अपाय करणारं औषध नाही. पोटाच्या खालच्या बाजूला जेल लावून प्रोब ठेवला की पडद्यावर किडनीच्या फांद्यांमध्ये लाल-निळे रंग भरतात. नीट चालणाऱ्या किडनीत धमनीचा आलेख प्रत्येक ठोक्याला उंच जातो आणि मग हळू उतरतो, पण शून्याला टेकत नाही. दोन ठोक्यांच्या मध्येही रक्त पुढे वाहत असतं. शिरेचा प्रवाह संथ, अखंड दिसतो. धमनी बंद असेल तर किडनीत रंगच उमटत नाही. शीर बंद असेल तर चित्र वेगळं: शिरेत काही नाही आणि धमनीचा आलेख ठोक्याला वर जाऊन लगेच शून्याच्या खाली उतरतो. आत आलेल्या रक्ताला पुढे वाट नाही म्हणून ते उलटं फिरतं, तेच पडद्यावर दिसतं. शिरेतला प्रवाह नसताना धमनीचं हे पुढे-मागे होणं दिसलं, की अनुभवी डॉक्टर ऑपरेशन थिएटरला फोन लावतात. पुढच्या तपासण्यांची वाट बघत बसायची ती वेळ नसते.

पोट पुन्हा उघडून गुठळी काढायची, सांधा नव्याने शिवायचा. कधी किडनी बाहेर काढून पुन्हा थंड द्रावणाने धुवावी लागते आणि परत बसवावी लागते. शिरेची गुठळी लवकर सापडली तर अशी किडनी वाचल्याची उदाहरणं आहेत. धमनीच्या गुठळीत यश फार कमी, कारण वॉर्डात कळून थिएटरपर्यंत पोचेस्तोवर तो तास उलटलेला असतो. तसं झालं तर ती किडनी काढून टाकावी लागते आणि रुग्ण पुन्हा डायलिसिसवर जातो.

हा आघात साऱ्या घराला बसतो. आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये बायका जास्त आहेत: आई, बायको, बहीण. स्वतःचे टाके अजून ओले असताना तिला कळतं की दिलेली किडनी गेली. तिच्या किडनीत खोट नव्हती, हे डॉक्टरांनी तिला समोर बसून, नीट वेळ देऊन सांगावं. आणि रुग्णालाही हे सांगावं की एक प्रत्यारोपण असं गेल्यावर दुसरं होऊ शकतं. त्याआधी गुठळी का झाली याचा शोध मात्र पुरता घ्यायला हवा.

रक्तस्राव हा दुसरा तातडीचा प्रकार, मुख्यतः पहिल्या दिवसा-दोन दिवसांतला. किडनी बर्फात असताना न दिसलेली एखादी बारीक वाहिनी, रक्ताचा दाब चढला की वाहू लागते. वर्षानुवर्षं किडनी निकामी असलेल्या माणसाच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, संख्येने पुरेशा असल्या तरी कामाला कमी पडतात. डायलिसिसमधलं हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, असतंच. नाडी जलद होणं, बीपी घसरणं, कमरेत किंवा पाठीत दुखणं, ड्रेनमध्ये (ऑपरेशनच्या जागेतून रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत) ताजं लाल रक्त, हिमोग्लोबिन उतरणं ही त्याची चिन्हं. ड्रेन कोरडा आहे म्हणून रक्तस्राव नाही असं समजता येत नाही, कारण ड्रेनच रक्ताच्या गाठीने बंद झालेला असू शकतो. साचलेल्या रक्ताचा गोळा शिरेवर दाबला तर त्यातून पुन्हा गुठळीचा धोका. म्हणूनच या दिवसांत रक्त पातळ करण्याचं औषध द्यायचं की नाही हा निर्णय कठीण असतो. दिलं तर स्राव, न दिलं तर गुठळी. हा तोल डॉक्टर माणूस बघून ठरवतात, शेजारच्या पलंगावरच्या रुग्णाला काय दिलं यावरून ठरवता येत नाही.

आठवड्या-दोन आठवड्यांनंतरचा, फार दुर्मीळ पण भयंकर प्रकार म्हणजे सांध्यालाच जंतू किंवा बुरशी लागणं. धमनीची भिंत कमकुवत होऊन फुगा येतो आणि तो फुटू शकतो. ताप आणि त्या जागी दुखणं, दोन्ही एकत्र असतील तर अजिबात अंगावर काढू नये.

रुग्ण आणि घरचे काय करू शकतात? सगळ्यात मोठं काम ऑपरेशनच्या आधीचं, आणि ते म्हणजे सगळं सांगणं. पूर्वी पायात गुठळी झाली होती का? डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी हातात धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) पुन्हा पुन्हा बंद पडला का? जांघेत डायलिसिसची नळी घातली होती का, कुठल्या बाजूला? घरात कुणाला कमी वयात गुठळी, लकवा झाला होता का? बाईचे वारंवार गर्भपात झालेत का? हा शेवटचा प्रश्न ऐकून सासरच्यांसमोर अनेकजणी गप्प राहतात. पण वारंवार गर्भपात आणि गुठळ्या या दोन्हींमागे रक्तातला एकच दोष असू शकतो, विशेषतः ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) असलेल्यांमध्ये. तो आधी कळला तर रक्तचाचण्या करून औषधाची तयारी ठेवता येते. मोठ्यांसमोर सांगणं अवघड वाटत असेल तर डॉक्टरांना एकट्याने भेटायला मागावं. तंबाखू, मिश्री, गुटखाही लपवू नये.

वॉर्डात तासातासाची लघवी मोजून लिहिली जाते. शुद्धीवर असलेल्या रुग्णाने तो आकडा रोज विचारायला काहीच हरकत नाही. दोनशे, अडीचशे मिलिलिटर येत होती आणि या तासाला वीसच आली, हे लक्षात आलं तर पहाटेचे तीन वाजलेले असले तरी बेल दाबावी. सिस्टरना उगीच त्रास कशाला, असा संकोच इथे करू नये. एक गोष्ट खास सांगावीशी वाटते. ज्यांच्या जुन्या किडन्या ऑपरेशनआधीही रोज बरीच लघवी करत होत्या, त्यांच्या पिशवीत नवी किडनी बंद पडली तरी लघवी दिसत राहते. पूर्वी दिवसाला किती होत होती हे त्यांनी आधीच सांगून ठेवावं, नाहीतर पिशवी बघून सगळेच फसतात.

घरी गेल्यावर नव्या किडनीच्या जागी नव्याने दुखणं, लघवी लाल होणं किंवा निम्म्यावर येणं, त्याच बाजूच्या पायाला सूज येणं, यापैकी काहीही झालं तर थेट प्रत्यारोपणाच्या युनिटला फोन करावा. पायाची सूज गुठळीमुळे असू शकते किंवा किडनीशेजारी लसिका द्रव (लिम्फ) साचून शीर दबल्यामुळेही. दोन्ही डॉप्लरमध्ये कळतात. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी होऊन बीपी पडलं, तरी तो दिवस घरी काढू नये. दुखतंय म्हणून मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी तर मुळीच घेऊ नये, बहुतेक अशा गोळ्या किडनीकडचा रक्तप्रवाह आणखी कमी करतात.

पुढे तीन महिन्यांपासून दोनेक वर्षांपर्यंत धमनीचा सांधा हळूहळू अरुंद होण्याचा प्रकार दिसतो. रक्तवाहिन्यांच्या त्रासात हा सगळ्यात जास्त आढळतो. तीन-तीन औषधं घेऊनही बीपी उतरत नाही, अंगावर सूज चढते, किंवा बीपीची ठरावीक औषधं सुरू केल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की वाढणारा घटक) एकदम वाढतं, तेव्हा डॉक्टर त्याचा संशय घेतात. यात मात्र तासांची घाई नसते. डॉप्लरमध्ये अरुंद जागी रक्ताचा वेग वाढलेला दिसतो, मग अँजिओग्राफी करून फुग्याने ती जागा रुंद करतात, गरज पडली तर स्टेंट बसवतात. पोट उघडावं लागत नाही आणि बहुतेकांचं बीपी त्यानंतर आटोक्यात येतं.